आम्ही रिकामे बसलेलो नाही

बोस, क्वेबेक
नोव्हेंबर

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांस,


"मेपलचा पाक एप्रिलात संपतो, मग वर्षभर तुम्ही खाता काय?" असं नाना फोनवर विचारत होते. आमटी-भात खातो म्हणावं. त्यांच्या त्या स्कूटरपेक्षा आमचा धंदा जास्त दिवस चालतो, हेही सांगा. कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत होईल तेवढं लिहिते.

रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असलं तरच मेपलचा रस वाहतो, म्हणून मार्च-एप्रिल. चाळीसेक लिटर आटवला की एक लिटर पाक, आपल्या काकवीसारखा. पण खरी कंबर मोडते ती नंतर. झाडाझाडांतून नळ्या ओढलेल्या असतात. हंगाम संपला की प्रत्येक तोटी काढायची, नळ्या धुवायच्या. उन्हाळ्यात डास मारत पडलेली झाडं तोडायची, लाकूड फोडून वाळत रचायचं. मग गळती शोधत हिंडायचं, कारण खारी नळ्या कुरतडतात. सध्या हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत, त्यामुळे रानात भगवं जाकीट घालूनच जावं लागतं. आई, जावयाचा तो फोटो भजनी मंडळात दाखवू नकोस, संन्यास घेतला म्हणतील.

अण्णा, आता इथला कायदा ऐका. झाडं आमची, रान आमचं, कर्ज तर आमचंच. पण पाक किती विकायचा ते 2004 पासून कोटा ठरवतो. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला पाच लिटरपर्यंतचा डबा खुशाल द्या. पिंपात भरला की मात्र पाक उत्पादकांच्या संघटनेमार्फतच. कोट्याहून जास्त झाला तर तो साठ्यात पडून राहणार आणि पैसे हप्त्यांनी येणार. म्हणजे आपल्या उसाची पहिली उचल नि दुसरी उचलच की ओ! झोनबंदी उठून ऊस हव्या त्या कारखान्याला घालता येऊ लागला तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते, हे मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, सासऱ्यांना बोलव, इथं मोर्चा काढू.

हा पाकाचा राखीव साठा म्हणजे धान्याच्या कोठारासारखा. 2011-12 मध्ये त्यातून जवळजवळ तीन हजार टन पाक चोरीला गेला. काही पिंपांत चोरांनी चक्क पाणी भरून ठेवलं होतं. आपल्या दूधवाल्याला उगाच नावं ठेवली इतकी वर्षं.

बाकी तिकडचं, सोलापूरचं. धाकट्या आत्याला सून पुण्याचीच हवी म्हणे! तिला विचारा, मग पंगतीत शेंगाची चटणी वाढणार की नाही? आणि उजनी धरण भरलं तरी नळाला पाणी रोज नाहीच ना? विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 2023 मध्ये पाडली, विमानं सुरू झाली, तरी अण्णा एसटीनंच फिरतात, हे ताईनं कळवलंय.

पार्सल पोचलं. कडक भाकऱ्यांचा चुरा झालाय, पण दह्यात चुराच बरा लागतो. टपालाचा आकडा बघून मात्र मला घाम फुटला, तोही इथल्या थंडीत. चादर मी रजईच्या आत घेते, अंगाला लागून. पोरं भांडतात फ्रेंचमध्ये, पडली की ओरडतात "आई गं".

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, यंदाही जमणार नाही. तेव्हा गुडघाभर बर्फातून फिरून झाडांना भोकं पाडायची तयारी असते. नंदीध्वज निघाले की फोन लावून नुसता धरून ठेवा. कुणी बोललं नाही तरी चालेल.

तुम्हीच या, आणि मार्चातच या. भट्टीसमोर उभं राहायला जाणतं माणूस हवंय. अण्णांची अर्धी हयात गुऱ्हाळात गेली आहे. व्हिसाला वेळ लागतो. अण्णांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते आजच बघा आणि ताईकरवी कळवा.

तुमची,
बेबी