हिमस्खलनाची सोय आहे, उन्हाचं बघू

यवतमाळात बर्फ पडत नाही, गाड्यावर किसला जातो. जिल्ह्यात पांढरे ढीग दिसतात ते दिवाळीनंतर, जिनिंगच्या आवारात, आणि ते कापसाचे असतात. कधीमधी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडतात, वावर पांढरं होतं आणि वाहिनीवाल्यांना लगेच काश्मीर आठवतं. ज्याचा गहू झोपला त्याला तेवढं आठवत नाही.

तरीही बर्फाबाबत यवतमाळकर कागदावर निर्धास्त होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे 2021 ते 2026, आपत्ती निधीच्या केंद्रीय यादीत 12 आपत्ती होत्या. त्यात गारपीट होती, त्सुनामी होती, थंडीची लाट होती आणि चक्क हिमस्खलनही होतं. उष्णतेची लाट नव्हती. म्हणजे दत्त चौकात बर्फाचा कडा कोसळला असता तर मदतीचं शीर्षक तयार होतं; मे महिन्याच्या उन्हात धंदा बसला तर तो दुकानदाराचा ग्रहयोग. राज्यांना आपल्या निधीतले 10 टक्क्यांपर्यंत पैसे स्थानिक आपत्तींवर खर्चायची मुभा होती म्हणा. पण तो दुय्यम मान झाला, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्याचा.

मुळात लाट ठरणंही सोपं नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात पारा 40 ला पोचायला हवा आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश वर हवा; नाहीतर सरळ 45 गाठायला हवेत. मे महिन्यात यवतमाळची सरासरीच 42 च्या आसपास. त्यामुळे 44.5 अंशांत माणूस भाजून निघाला तरी ती लाट नव्हे, रोजचंच. हुशार पोराने 90 टक्के आणले की घरात पेढे येत नाहीत, तसं.

फेब्रुवारी 2010 मध्ये वॉशिंग्टनला बर्फ साचला, तेव्हा तिथली केंद्र सरकारची कार्यालयं सलग चार दिवस बंद ठेवली गेली. रीतसर, हुकूम काढून. आपल्याकडे असा हुकूम लागत नाही. पाच दिवसांच्या आठवड्यात सरकारी कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. मशीनवर अंगठा उमटतो, खुर्चीच्या पाठीवर दुपट्टा असतो, टेबलावर चष्मा असतो. साहेब ‘इथंच कुठंतरी’ असतात. साधारण कूलरच्या दिशेने शोधलं की सापडतात.

अशी सवलत रोजगार हमीच्या मजुराला नव्हती. 1 जानेवारी 2023 पासून त्याची हजेरी मोबाईल ॲपवर आली, दिवसातून दोन फोटो सक्तीचे. उन्हाच्या धाकाने माणसं सकाळीच माती उपसून मोकळी होत, पण दुसरा फोटो व्हायचाच असे. काम झालेलं असलं तरी चेहरा बाकी! पुढे जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच कबूल केलं की या ॲपवर फोटोचेही फोटो चढवले जात आहेत. फोटोला ऊन लागत नाही, हे कुणाच्या तरी वेळेत लक्षात आलं असणार.

आणि बाजारपेठ? बाराला शटर अर्धं खाली येतं, एकला पूर्ण. रसवंतीचे घुंगरू गप्प. परगावच्या माणसाला वाटतं, उन्हाळा म्हणजे थंड विकणाऱ्याची चांदी. पण गिऱ्हाईकच रस्त्यावर नसेल तर थंड विकायचं कुणाला? गोळेवाला सकाळी बर्फाची लादी आणतो, भुसा लावून पोत्यात गुंडाळतो, वर ओलं फडकं टाकतो आणि लिंबाखाली बसून राहतो. गाड्याखाली पाण्याची एक धार वाहत असते, ते पाणी प्यायला दोन चिमण्या येतात. दुपारभरातलं गिऱ्हाईक म्हणावं तर तेवढंच.

पाच-साडेपाचला पोरं येतात, खस मागतात, काला खट्टा मागतात. तोवर लादी निम्म्यावर आलेली असते. तो उरलेला तुकडा रंध्यावर धरतो. नुकसान बर्फाचंच झालेलं असतं, पण तो डोंगरावरून घसरलेला नसतो, त्यामुळे पंचनाम्याला कुणी येत नाही.