कार्योत्तर मंजुरीचा राजमार्ग

मुंबईत टॅक्सीत बसून "डॉ. दादाभाई नौरोजी मार्ग" असा पूर्ण पत्ता सांगून बघा. टॅक्सीवाला आरशातून तुमच्याकडे निरखून बघेल. "डीएन रोड" म्हणालात की मुकाट मीटर पाडेल. तिकडे अंधेरीतही दादाभाईंच्या नावाचं एक नगर आहे, पण मेट्रोच्या पाटीवर तेही डी. एन. नगरच. इंग्रज या देशातून दरसाल किती संपत्ती उचलून नेतात, याचा पै-पैचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला आम्ही दोन अक्षरांत आटोपलं. शाईची ही काटकसर त्यांना आवडलीही असती म्हणा.

हा रस्ता मुळात हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी हे १७७१ ते १७८४ या काळातले मुंबईचे गव्हर्नर. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खाडीतून समुद्र आत शिरायचा आणि निम्मी मुंबई पाण्याखाली जायची. साहेबांना तिथे बांध घालायचा होता. आख्यायिका अशी की, लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीने खर्चाला नकार कळवला, तोवर साहेबांनी काम काढूनही टाकलं होतं. नकाराचं पत्र त्यांनी खणात ठेवलं आणि बांध पुरा केला. इतिहासकार या गोष्टीवर नाक मुरडतात. शिवाय बांध टिकेना तेव्हा पाठारे प्रभू रामजी शिवजींच्या स्वप्नात देवी आली, तिने मूर्ती कुठे आहेत ते सांगितलं, त्या निघाल्या आणि मग काम उभं राहिलं, अशीही कथा आहे. सल्लागाराची फी देवीने घेतली नाही, फक्त एका देवळावर भागवलं. कथा खरी असो वा नसो, कार्योत्तर मंजुरी या थोर संस्थेचे आद्य पुरुष म्हणून आमचा हॉर्नबींना नमस्कार.

पुढे १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडली आणि या रस्त्याचे दिवस पालटले. एका टोकाला क्रॉफर्ड मार्केट, दुसऱ्या टोकाला फ्लोरा फाउंटन, मधे बोरीबंदरचं स्टेशन. १८९६ साली नियम झाला की इथे इमारत बांधायची तर रस्त्याच्या बाजूने खाली कमानींची पडवी सोडायची. वर कोणी गॉथिक बांधो की आणखी काही, खालून चालणाऱ्याला ऊन लागता कामा नये आणि पावसात छत्री उघडावी लागता कामा नये. मालकाच्या जागेतून पादचाऱ्याला वाट काढून देणारा नियम! आज असा नियम कोणी सुचवला तर त्याची बदली गडचिरोलीला होईल.

नियम मात्र अजून तंतोतंत पाळला जातो. कमानींखाली खरंच ऊन लागत नाही. मोबाइलच्या कव्हरांना लागत नाही, कमरेच्या पट्ट्यांना लागत नाही, ज्यांच्या खोक्यावरचं नाव एका अक्षराने चुकलेलं असतं त्या इअरफोनना तर मुळीच लागत नाही. पादचारी तेवढा रस्त्यावर, बसच्या आरशाला खांदा लावून चालतो. मधूनच "पालिकेची गाडी आली" अशी आरोळी उठते, चादरीची चार टोकं एकत्र होतात, आणि पाच मिनिटांपुरतं १८९६ साल अवतरतं. फेरीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जागा आखून द्यायची ती न देता दर आठवड्याला गाडी पाठवणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

कमानींचा नियम होत होता त्याच सुमारास दादाभाई लंडनमध्ये वेल्बी आयोगावर बसून हिंदुस्थानच्या खर्चाची चिरफाड करत होते. त्याआधी १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले होते, आणि त्याच्याही आधी मुंबई महापालिकेचे सभासद होते. त्याच महापालिकेचं मुख्यालय आता त्यांच्या रस्त्यावर, बोरीबंदरच्या स्टेशनासमोर आहे. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, आणि तो मांडला प्रशासकांनी, मंजूरही प्रशासकांनीच केला. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली ती संपली. नंतर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हतंच. दादाभाईंना पार्लमेंटात निदान समोर कोणीतरी बसलेलं असायचं.

म्हणून आमची नम्र सूचना. मुख्यालयासमोरचा पट्टा तेवढा पुन्हा हॉर्नबींच्या नावे करावा, त्यांची परंपरा तिथे उत्तम चालू आहे. बाकीचा रस्ता दादाभाईंकडे राहू द्यावा, डीएन या नावानेच. पूर्ण नाव लिहिलं तर एखादा हिशेब विचारायचा. नव्या पाट्यांचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, याची चिंता नको. पाट्या आधी लावून घ्याव्यात.