बैलजोडीचा फोटो कुठे छापावा?

घरी फोटो छापायचा प्रिंटर घ्यायचा आहे, एवढं वाक्य घाटंजीत कुणापाशीही बोलून पाहा. शेती, लग्न आणि शुगर यांच्याइतकेच सल्ले याही विषयावर मिळतात. "टाकीवाला घ्या भाऊ, शाई स्वस्त पडते." "लेझर घ्या, बिघडतच नाही." "घेताच कशाले? झेरॉक्सवाल्याकडे जा ना!" सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी प्रिंटर असतोच. त्यावर कपडा झाकलेला असतो आणि कपड्यावर औषधांच्या बाटल्या.

दुकानदार डीपीआय सांगतो, मिनिटाला किती पानं ते सांगतो. मिनिटाला पंधरा पानं छापून आपल्याला कुठलं गॅझेट काढायचंय? आपला प्रश्न साधा आहे. अक्षय तृतीयेला बंद केलेलं यंत्र पोळ्याच्या संध्याकाळी चालू केलं, तर बैलजोडीचा फोटो नीट निघेल का? छपाईची घाई प्रेसवाल्याला. घरगुती प्रिंटरचा भरवसा मात्र तो न छापता किती दिवस तग धरतो, यावरच जोखावा.

बैलजोडी मी उगाच घेतलेली नाही. पांढरा बैल म्हणजे प्रिंटरची खरी परीक्षा. मॅजेंटा अडला की बैल हिरवा निघतो, सायन अडला की शिंगांचा हिंगूळ अंगावर उतरतो. माणसाच्या चेहऱ्यात असा फरक पडला तर आपण "उन्हानं रापला असेल" म्हणून सोडून देतो. हिरवा बैल कुणी सोडत नाही.

शाई अडते त्याला कारण आहे. शाईच्या प्रिंटरमध्ये हेड नावाचा जो भाग कागदावरून पळतो, त्याला केसापेक्षा बारीक छिद्रं असतात. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचं तापलेलं टोक चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाईची चिळकांडी उडाली. तापवून थेंब फेकायची त्यांची युक्ती तिथून निघाली. एप्सनवाले शाई तापवत नाहीत, विजेनं आकसणाऱ्या स्फटिकानं ती ढकलतात. थेंब कसाही उडवा, छिद्राच्या तोंडाशी असलेली शाई वाळली की दोघांचाही नाइलाज. आणि वाळवण्याच्या बाबतीत आमच्या भागाचा हात कोण धरणार! एप्सनच्या पुस्तिकेत प्रिंटर १० ते ३५ अंशांत वापरावा असं लिहिलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात ३५ अंश म्हणजे लोक अंगणात खाट टाकून "आज बरं वाटतंय" म्हणतात.

उन्हाळा सरला तर पुढे कापूस उभाच. भाव वाढेल या आशेनं ज्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो, तिथे त्याचे तंतू डाळीच्या डब्यापासून देवाच्या निरांजनापर्यंत सगळीकडे पोचतात, मग प्रिंटरच्या रबरी रोलरनंच काय पाप केलंय? कागद ओढला जात नाही, तिरका जातो, मधेच अडतो. मिस्त्री येतो, झाकण उघडतो, चिमट्यानं सरकी ओढावी तसा एक पुंजका बाहेर काढतो आणि म्हणतो, "शाई बी वायली ना भाऊ. हेड क्लिनिंग मारा." क्लिनिंग मारलं की यंत्र टाकीतली शाई छिद्रांतून जोरानं ओढून आत पोटातल्या पॅडवर ओतून देतं. फोटो एकही निघत नाही, शाईची पातळी मात्र उतरते. असं बरेचदा झालं की पॅड भरतं आणि यंत्र संपावर जातं.

यावरचा उतारा सगळे सांगतात: आठवड्याला एक रंगीत पान काढत जा, शाई वाहती राहते. पण छापायचं काय? आमच्या ओळखीच्या एका घरात ठरलं की दर शनिवारी मारुती छापायचा. शेंदूर आहे, निळं आभाळ आहे, हिरवा डोंगर आहे, म्हणजे सगळे रंग चालते राहतात आणि पुण्य वर. प्रिंटर खरंच उत्तम चालला. वर्ष उलटता उलटता घरात मारुतींचा मोठा गठ्ठा झाला, आणि देवाचा फोटो रद्दीत घालायला घरातली एकही बाई तयार होईना. तेव्हा ज्यांना हा उतारा करायचा असेल त्यांनी भोपळ्याचा, फार तर व्याह्यांचा फोटो छापावा.

शाईच नको असेल तर दुसरी जात आहे, डाय-सब्लिमेशनची. कॅननचे सेल्फी प्रिंटर त्यातले. यात शाई नसते, रंगाची फीत असते. तापलेलं हेड फितीवरचा रंग कागदात उतरवतं. कागद चारदा आत-बाहेर करतो: आधी पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन आणि शेवटी वरून पारदर्शक थर. बघायला पोरं गोळा होतात, कारण पहिल्या फेरीत मामांना कावीळ झालेली असते, दुसऱ्या फेरीत ते रंगपंचमी खेळून आलेले असतात आणि तिसऱ्या फेरीत कुठे माणसात येतात. घाटकोपरला १८९४ साली सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यातही लक्ष्मी-सरस्वती अशाच एकेक रंग चढवत अवतरत. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड होता. फीत वाळत नाही, हा या यंत्राचा मोठा गुण. एका पाकिटात १०८ कागद आणि त्यांच्या हिशेबानं ३६-३६ फोटोंच्या तीन फिती येतात, म्हणजे जपमाळेसारखा हिशेब बिनचूक. दोष एवढाच की फोटो पोस्टकार्डाएवढा. त्याच्या वर उडी नाही.

लेझरच्या नादी फोटोसाठी लागू नका. सातबारा छान निघतो, नवरी निघत नाही; शिवाय शाईच्या प्रिंटरचा चकचकीत कागद त्यात घातला तर उष्णतेनं वितळून आत चिकटायची भीती.

तर माझं मत असं. ज्यांच्या घरी आठवड्याला काहीतरी छापलं जातं, म्हणजे पोरांचे प्रोजेक्ट, फॉर्मांसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचे पासपोर्ट फोटो (चार बाय सहाच्या एका कागदावर आठ बसतात), त्यांनी सहा रंगांच्या टाकीचा घ्यावा. स्टुडिओवाले एप्सनचे एल ८०५ किंवा एल ८०५० बाळगतात ते उगाच नाही. फिका सायन आणि फिका मॅजेंटा हे दोन जादा रंग असल्यानं गालावर दाणे दिसत नाहीत. ज्यांना फोटो आठवतो तो पोळ्याला, वाढदिवसाला आणि पाहुणे आले तर, त्यांनी फितीवाला घ्यावा. आणि ज्यांच्या प्रिंटरवर आज औषधांच्या बाटल्या आहेत, त्यांनी काहीच घेऊ नये.

भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमसाठी तरीही स्टुडिओच गाठावा लागतो, आणि तिथे अडचण यंत्राची नसते. घरातलं म्हातारं माणूस गेलं की सगळ्यांचे फोन धुंडाळले जातात. आजोबा सगळ्या फोटोंत असतात, पण कुठे नुसता खांदा, कुठे केकच्या मागे, कुठे बुंदी वाढताना पाठमोरे. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करतात आणि मागे निळं आकाश टाकतात. जो माणूस उभ्या जन्मात सावकारालाही घाबरला नाही, तो मग पुढची तीस वर्षं भिंतीवरून दचकलेला दिसतो.

येत्या पोळ्याला बैल सजले की आजोबांना त्यांच्याशेजारी उभं करा, बाकीच्यांना बाजूला व्हायला सांगा आणि उजेड असेतो एक फोटो घ्या. स्टुडिओला पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, ते त्याला चेपून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.