टोपी कोणत्या मापाची?

इअरफोनची तुलना करणारे जाणकार बंद खोलीत बसून ऐकतात. कुणाचा बेस उबदार, कुणाचा आवाज मोकळा, असे निवाडे देतात. त्यांना एकदा परळीहून सिरसाळ्याकडं येणाऱ्या एसटीत मागच्या सीटवर बसवावं. तिथं खिडकीची काच ठेका धरते, इंजिन खर्ज लावतं आणि शेजारचे मामा स्वतःच्या मोबाईलवर कीर्तन मोठ्यानं लावून विचारतात, ‘तुम्ही काय ऐकायलात?’

मग कळतं, महागाच्या आणि स्वस्ताच्या इअरफोनमधला निम्मा फरक रबराचा. डबीत बहुधा तीन मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या येतात. आपण मधली तशीच ठेवतो, बाकीच्या दोन पोरं खेळायला नेतात. टोपी कानात नीट बसली नाही की खर्ज फटीतून निसटतो, बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि गडी आवाज वाढवत सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात. 90 ला फक्त 4. ते चार तर एका वरातीतच संपतात! निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालणारे नियम 2000 सालापासून आहेत. डीजेच्या आवाजात ते कुणाला ऐकू आले नसावेत.

कानांच्या आरामाचं म्हणाल, तर वायरवालाच बरा. आई आधी वायर ओढते, मग हाक मारते.