कार्टकाका

मिक्सरचं झाकण तीनदा लावून-काढून बघायचं, मोटर तापते का म्हणून वर तळहात ठेवायचा, दुकानदाराने मागवलेला चहा प्यायचा आणि मग खिशातून मोबाईल काढून त्यालाच ऐकवायचं, ‘‘ऑनलाइनला दोनशेनं कमी आहे हो!’’ असे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. आमच्याकडे त्यांना कार्टकाका म्हणतात. कारण दोनशेनं कमी असूनही ते घेत नाहीत. कार्टमध्ये टाकतात आणि भाव उतरायची वाट बघतात. तोवर काकू चटणी वाटायला आमच्याकडे येतात.

तपकीर गल्लीत काकांना ओळखत नाही असा विक्रेता नाही. पुण्याच्या दुकानदारालाही ज्याचा अपमान कसा करावा ते सुचत नाही, असं हे एकमेव गिऱ्हाईक! अप्पा बळवंत चौकात ते काउंटरला टेकून अख्खं प्रकरण वाचतात आणि ‘‘फ्लिपकार्टनं २००७ साली सुरुवात पुस्तकांपासूनच केली बरं का’’ ही माहिती पुस्तकवाल्यालाच देतात. पुस्तक? कार्टमध्ये.

लक्ष्मी रोडला काकू गादीवर बसून साड्या उलगडायला लावतात, पदर खांद्यावर टाकून आरशात बघतात. काका मागून फोटो काढतात. घरी येऊन ऑनलाइन शोधलं की तसाच रंग दिसतो, साडी येते ती भलत्याच रंगाची. मग परतीचा सोहळा. कुरिअरचा पोरगा पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन चौथ्या मजल्यावर येतो, आणि काका त्याला दारात उभं करून चष्मा शोधतात, कारण ओटीपी दिसत नाही. काकूंनी शेवटी साडी दुकानातून रोख पैसे मोजून आणली. चटणी अजून आमच्याकडेच.

गेल्या दिवाळीनंतर कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान बंद झालं. काका हवालदिल. ‘‘आता वस्तू हात लावून बघायची कुठे?’’ सगळे खो खो हसले. पण त्या दुकानातून सोसायटीने इतकी वर्षं बल्ब आणि पेन्सिल सेल तेवढे नेले. टीव्ही आणि फ्रीज खोक्यात बसून परस्पर लिफ्टने वर आले. काका निदान आत जाऊन बसायचे, दुकानदाराच्या मुलाच्या दहावीची चौकशी करायचे.

तो दुकानदार आता घरोघरी जाऊन दुरुस्तीची कामं करतो. त्याचा नंबर काकांनीच प्रत्येक मजल्यावर फिरवला. ‘‘ॲप पंखा देतं, छताला लावून देत नाही,’’ असं दारोदार सांगत. स्वतःचा गीझर लावून घेताना मात्र त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली.

पंखा लावून घ्यायचा असेल तर मला विचारा, नंबर देतो. माणूस कामाला चोख आहे. फक्त मजुरी किती दिलीत ते काकांना कळू देऊ नका.