व्हिएन्नाच्या उभ्या जागेतील थोर रसिकांस

सन्माननीय महोदय,



आपलं शुभनाव विचारायचं राहून गेलं, ही रुखरुख अजून जात नाही. खूण सांगते म्हणजे ओळख पटेल: व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा, तळमजल्यावरची उभं राहून पाहायची जागा, पुच्चिनीचा 'तोस्का', आणि मी कठड्याला बांधलेली ओढणी सोडून तिथे दोन्ही कोपरं टेकवून उभे राहिलेले आपण.

ओढणीबद्दल आधी आभार. तिथल्या उभ्या प्रेक्षकांची जुनी रीत आहे. रांगेत ताटकळायचं, आत शिरलं की कठड्याला स्कार्फ बांधायचा आणि खुशाल कॉफी प्यायला जायचं. बांधलेल्या जागेला कुणी हात लावत नाही. ही रीत एखाद्या परक्याला समजावून सांगावी लागेलही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुलखातल्या माणसाला ती काय समजवायची? तरीही आपण गाठ सोडलीत, ओढणीची सुबक घडी घातलीत आणि मी परत आल्यावर माझ्या हातात ठेवून म्हणालात, "ताई, कुणाची तरी राहिली होती." इस्त्री तेवढी बाकी ठेवलीत.

जागेची निवड मात्र दाद देण्यासारखी. मधल्या बॉक्सच्या बरोबर खाली, रंगमंच थेट समोर. खाली बसून हेच बघणारे दोनशे युरोंच्या वर मोजतात. आपण रांगेत ताटकळलेला माझा तास मोजलात.

मग माझी चौकशी केलीत. "एकट्याच? मिस्टर नाहीत? घरचे सोडतात?" माझ्या आईनेही इतक्या आस्थेनं विचारलं नव्हतं, तिनं फक्त मोजे घेतलेस का, एवढंच विचारलं. आपल्या ग्रुपने त्याच दिवशी सकाळी शोनब्रुन, दुपारी सेंट स्टीफन आणि संध्याकाळी ऑपेरा उरकत असल्याचंही कळलं. मी अख्खी दुपार एका संग्रहालयात ब्रॉयगेलच्या चित्रांच्या दालनात घालवली, हे ऐकून आपल्या चेहऱ्यावर जी कणव दाटली, ती मी विसरणार नाही.

घरी व्हिडिओ कॉल लावून आपण सांगितलंत, "राजाच्या काळातलं थिएटर, जसंच्या तसं!" वास्तूचा इतका गौरव तिच्या वास्तुविशारदांच्याही वाट्याला आला नसेल. इमारत १८६९ ची खरी. पण १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात रंगमंच आणि प्रेक्षागृह जळून गेलं. आपण ज्यात उभे होतात ते पुन्हा बांधलेलं प्रेक्षागृह ५ नोव्हेंबर १९५५ ला 'फिदेलिओ'ने उघडलं. मधली दहा वर्षं आपण एका कॉलमध्ये भरून काढलीत.

कठड्यावर प्रत्येकासमोर अनुवादाचा छोटा पडदा असतो. त्यावर संवाद वाचता येतात, हे आपल्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तोवर आपण बटणं दाबत जपानीपर्यंत पोचलात आणि तिथेच मुक्काम केलात. आपल्या खांद्यावरून मी ती अक्षरं पाहत राहिले. नव्या लिपीची ओळख फुकट झाली.

पण खरा उपकार पुढेच. चित्रकार काव्हारादोस्सी चर्चमध्ये जेमतेम कुंचला उचलत होता, तोच आपण मोबाइलवर गोष्ट वाचून शेजारच्या मित्राला ऐकवलीत. नायिका तोस्का पोलिसप्रमुखाला भोसकते, मग तिचा माणूस मरतो, मग ती उडी मारते, "थोडक्यात, सगळे मरतात." पुच्चिनीला तीन अंक लागले, आपल्याला एक वाक्य पुरलं. पुढच्या रांगेतल्या आजींनी मागे वळून पाहिलं. त्यांना मराठी येत नसावं. पण आपला आवाज कोणत्याही भाषेत पोचण्याजोगा आहे. मग आपण मोबाइल उंचावून चित्रीकरण सुरू केलंत. तिथे मनाई असल्याची सूचना आपण वाचली नसणार, जपानीत नसेल.

पहिल्या मध्यंतरातच आपण निघालात. ऑपेराच्या मागच्या हॉटेल झाखरमधला चॉकलेटचा केक, मग बस. खरं सांगते, पूर्ण प्रवासात कुणाच्याही जाण्याने मला इतका आनंद झाला नव्हता. ओढणी पुन्हा बांधली, पडदा इंग्रजीवर आणला.

दुसऱ्या अंकात पोलिसप्रमुख स्कार्पियाला मारल्यावर तोस्का पळून जात नाही. आधी त्याच्या उशाशी दोन मेणबत्त्या ठेवते, छातीवर क्रूस ठेवते, मग निघते. हे आपल्या मोबाइलवरच्या सारांशात नव्हतं. मार्गारेटे वालमान यांनी बसवलेला हा प्रयोग व्हिएन्नात १९५८ पासून चालू आहे. केक तेवढा वेळ थांबला असता.

आपल्याला वन्स मोअरची हौस दिसली, म्हणून एक किस्सा कळवते. २०१६ मध्ये याच ऑपेरागृहात गायक योनास काउफमानने तिसऱ्या अंकातलं गाणं वन्स मोअरसाठी पुन्हा गायलं. आणि त्यानंतर तोस्का वेळेवर रंगमंचावर आलीच नाही. त्याने तिथल्या तिथे, सुरात, प्रेक्षकांना कळवलं की नायिका गायब आहे. पहिल्या अंकाच्या मध्येच आपण "वन्स मोअर" ओरडलात, तेव्हा माझ्या मनात नेमकी उलटी प्रार्थना चालू होती.

पुढचा मुक्काम रोम, असं आपण म्हणालात. तिथे कास्टेल सान्तांजेलो अवश्य पाहा. तिसरा अंक त्याच्याच गच्चीवर घडतो, उडीही तिथूनच. आपण कठड्यापाशी सेल्फी काढणारच. मागे सरकताना तेवढं जपा. शेवट आपल्याला पाठ आहेच.

कळावे,
आपली नम्र सहप्रेक्षक