आजा वेगळा चालतो

कंपायलर फुकट तपासून देतो, असं अंबाजोगाईत कुणालाही सांगून पाहा. "कंपायलर म्हणजे काय?" असं कुणी विचारत नाही. "फुकट का?" असं विचारतात.

आमच्या तात्यांनी तर सविस्तर चौकशी केली.

"किती देतेत?"

"काही नाही, तात्या."

"जेवण?"

"नाही. घरीच बसून करायचं असतं."

तात्यांनी आईकडं असं पाहिलं, की पोराला कुणाला दाखवलं का?

माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवतो तो कंपायलर. मी तपासतो तो एलएलव्हीएम या प्रकल्पाचा, क्लँग. दर जानेवारीत आणि जुलैत नव्या आवृत्तीची शाखा निघते. मग एकामागून एक रिलीज कॅन्डिडेट येतात आणि साधारण मार्च-सप्टेंबरात पक्की आवृत्ती. मधल्या काळात जगभरातल्या लोकांनी आपापल्या यंत्रांवर तो बांधायचा, चाचण्या चालवायच्या आणि मोडलं ते कळवायचं. काहींना याचा पगार मिळतो. त्यांची यंत्रं वातानुकूलित खोलीत असतात. माझ्याकडं एक इंटेलचा डेस्कटॉप, एआरएम चिपचा रास्पबेरी पाय आणि थोरल्या भावानं टाकून दिलेला बत्तीस बिटी लॅपटॉप. त्याचं झाकण एकदा उघडलं की मिटत नाही.

खरी गंमत बांधणीत आहे. नवा कंपायलर आधी यंत्रावरच्या जुन्या कंपायलरनं बांधायचा. जो तयार होईल, त्याच्याकडून तोच कंपायलर पुन्हा बांधून घ्यायचा. मग या दुसऱ्याकडून तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या फायली बाइटला बाइट जुळल्या पाहिजेत. पहिला वेगळा असला तरी चालतो, कारण तो जुन्याच्या हातचा. हे ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजे आजा वेगळा चालतो, बाप-लेक सारखे पाहिजेत. आपल्या घरात तर एकबी नमुना जुळत न्हाई." इतकं नेमकं मी कुठल्या पुस्तकातही वाचलेलं नाही.

त्यांना वाटलं, आता आपल्याला कळलं. म्हणून पुढचा प्रश्न : "हे काढलं कुणी?" मी सांगितलं, एलएलव्हीएम अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 2000 साली ख्रिस लॅटनर आणि त्याचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी. अडवे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. शिवाय त्याच आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकरांनी जीसीसी या दुसऱ्या, 1987 सालच्या कंपायलरवर वर्षानुवर्षं काम केलंय. तात्यांनी मान डोलावली. "म्हंजे मुंबईत दोन गट हायेत. तू कोणत्या गटात?" बीड जिल्ह्यात माणूस कुठल्याच गटात नाही, हे कुणाला पटत नाही. मी क्लँग म्हटलं आणि सुटलो.

बांधणीच्या शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर येतो आणि सगळी मेमरी गिळतो. बत्तीस बिटी प्रोग्रॅमला चार जीबीच्या पलीकडचा पत्ताच लावता येत नाही, त्यामुळं लॅपटॉप तिथं हमखास आडवा पडतो. तो पडला नाही, तर वीज जाते. परळीचं औष्णिक वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे, ही माहिती आम्ही पाहुण्यांना बहुतेक वेळा अंधारातच देतो. त्यात केंद्राचा काही दोष नाही. वीज तयार होणं आणि आमच्या गल्लीत पोचणं ही दोन वेगळी खाती. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखा की पाय, हा निर्णय आईचा असतो. मे महिन्यात रिलीज कॅन्डिडेट येत नाहीत, हे त्या मंडळींचे उपकारच.

मागं एक चाचणी डेस्कटॉपवर गुमान पास झाली आणि पायवर अडकली ती अडकलीच. सी भाषेत 'कॅर' हा प्रकार उणे अंक ठेवू शकतो की नाही, हे ठरवायचं काम भाषेच्या नियमांनी कंपायलरवाल्यांवर सोडलंय. लिनक्सवर इंटेलकडं ठेवतो, एआरएमकडं ठेवत नाही. त्यामुळं फाइल संपल्याची खूण म्हणून आलेला उणे एक कॅरमध्ये ठेवला, की पायवर त्याचे 255 होतात आणि प्रोग्रॅम फाइल संपायची वाट बघत बसतो. म्हणजे कंपायलर निर्दोष, चाचणीच चुकीची. तरी कळवलं. उलट टपाली चार प्रश्न आले : कुठलं यंत्र, कुठली प्रणाली, कुठली आवृत्ती, पुन्हा होतं का? तात्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" म्हटलं, आभार मानलेत. "नुसतेच?" नुसतेच.

पण मला हे काम सोडायचं नाही. नव्या, चकचकीत यंत्रांवर तपासायला पुष्कळ लोक आहेत. जुन्या, तापलेल्या, अर्धी मेमरी गेलेल्या यंत्रावर कुणी बसत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत, शाळांत तीच यंत्रं चालू आहेत. तेव्हा माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडून असेल, तर भंगारात घालू नका. जुलैत शाखा निघेल, त्याआधी अंबाजोगाईला पाठवून द्या. चार्जर मात्र आठवणीनं सोबत द्या, आणि पैशाचं तात्यांना विचारू नका.